आबांचं मेडिकल

म्हातारपणाचा एक अभ्यास चालतो, त्याला आमच्या गावात सगळे सर्वेच म्हणतात. माणसाचं वय वाढतं तसं त्याच्या तब्येतीचं आणि मनाचं काय होत जातं, हे बघायला त्या अभ्यासाची मंडळी दर दोन-तीन वर्षांनी त्याच घरात, त्याच माणसाकडे येतात. आमच्या घरातून निवड झाली ती सासऱ्यांची. आबा फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी हा सर्वे नव्हताच, ते मेडिकल होतं. मेडिकलमध्ये कमी पडलेल्या माणसाला फौजेत कसं बाजूला काढतात, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे सर्वेची मुलगी येणार म्हटलं, की आठवडाभर आधीपासून आबा ओसरीवर खुर्ची मांडून हात न टेकता उठबस करायचे. "आबा, भरतीला निघालायसा व्हय?" म्हणून मी चिडवायचेसुद्धा.

गेल्या खेपेला मात्र मला चिडवावंसं वाटलं नाही. दिवाळीपासून आबा विहिरीवरून येताना वाटेत बांधावर टेकत होते, छातीवर हात ठेवून. मी बघतेय असं दिसलं, की उठून चपलेतला खडा काढल्यासारखं करायचे. मीही बघितलंच नाही असं दाखवायचे. खरं सांगायचं तर मला ते बघायचंच नव्हतं. नवऱ्याचं सोनं गाळायचं दुकान पार तमिळनाडूत. तो येणार जत्रेला नाहीतर दिवाळीला. म्हणजे दवाखान्याचे हेलपाटे माझ्याच गळ्यात, आणि लग्नसराईतल्या ब्लाउजांचा ढीग मशीनवर पडलेला. थोडे दिवस जाऊ देत, म्हणत मी दिवस ढकलत होते.

ती मुलगी आली. आबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. मुठीची ताकद मोजायचं यंत्र त्यांनी असं आवळलं की पोरगी म्हणाली, "आजोबा, मोडेल हो!" आबा खूश. मग प्रश्न सुरू झाले. दम लागतो का? "न्हाई." छातीत दुखतं का? "आजाबात न्हाई." तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्हाला काही जाणवलंय का?"

आबाही माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, बोलू नको म्हणून खुणावतायत.

"छे, ठणठणीत आहेत," मी म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. सुटले बाई, असं वाटलं होतं तेव्हा. त्याची आजही लाज वाटते. जाताना ती सांगूनही गेली, की ही आमची नोंद आहे, डॉक्टरांना दाखवणं वेगळं. आबांच्या कानात ते शिरलंच नाही. आपण फिट असल्याचं ते गल्लीभर सांगत फिरले.

महिनाभरातच ते गोठ्यात कोसळले. शेजाऱ्यांच्या गाडीतून सांगलीला नेलं. जीव वाचला, पण हृदय फार कमजोर झालंय, लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्रास कधीपासून होता, असं त्यांनी विचारलं.

"कालपासनं," आबा पडल्या पडल्या म्हणाले. "हिला काय बी म्हाईत न्हाई."

मला वाचवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दिवाळीपासून," मी म्हणाले. डॉक्टरांनी नुसतं लिहून घेतलं. ते रागावून चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

आता आबा घरातच असतात. विहीर तर लांबच, ओसरीवरून गोठ्यापर्यंत गेलं तरी धाप लागते. परवा गोळ्या देताना मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, माजं चुकलं. पर तवा तुमीच बोलू नगं म्हणून बगत हुता न्हवं माज्याकडं?"

आबांनी गोळी गिळली, पाण्याचा तांब्या खाली ठेवला. 

"आपला तरास आपल्या तोंडानं सांगायचं मला जमत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "तू तरी सांगशील म्हणून बगत हुतो."