भेकराची खबर

मी सत्तावीस वर्षांची असताना माझी बदली पनवेलच्या मुलींच्या शाळेतून कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात झाली. शाळा एका खोलीची आणि शिकवणारी मी एकटीच. मागची भिंत संपली की पन्नास पावलांवर रान सुरू व्हायचं. राहायला मी पनवेललाच होते, आईबरोबर, इस्रायल आळीत भाड्याच्या दोन खोल्यांत. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. पनवेलला तेव्हा रेल्वे आलेली नव्हती.

आमच्या शेजारी गुरांचे डॉक्टर राहत. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, पन्नाशीला टेकलेले, उंच आणि मितभाषी. त्यांच्या पत्नी मात्र बोलक्या. मी त्यांना वहिनी म्हणे. शनिवार हा त्यांच्या धर्मात विसाव्याचा दिवस, तेव्हा त्यांच्याकडे चूल पेटत नसे आणि डॉक्टर कुठल्याही हत्याराला हात लावत नसत. त्या दिवसाचं दवाखान्याचं काम ते रविवारी करून देत. दोन्ही मुलगे इस्रायलला जाऊन स्थिरावले होते आणि तुम्हीही या, अशी त्यांची पत्रं येत. वहिनींचा जीव तिकडे लागलेला. डॉक्टर तो विषय निघाला की चपला घालून बाहेर पडत.

दिवाळीनंतरचा शनिवार होता. सकाळची शाळा सुटायच्या बेताला वाडीवरची एक कातकरी बाई दारात येऊन उभी राहिली. तिची मुलगी माझ्याकडे पहिलीत होती. मागे तिच्या बकरीच्या जखमेसाठी मी डॉक्टरांकडून मलम आणून दिलं होतं, तेवढीच आमची ओळख. तिच्या खांद्यावर जुन्या लुगड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिने ते व्हरांड्यात हलकेच ठेवलं आणि कापड बाजूला केलं. आत भेकर होतं. भेकर म्हणजे शेळीपेक्षाही लहान हरीण, भ्यालं की कुत्र्यासारखं भुंकतं. हे भुंकत नव्हतं. डोळे उघडे ठेवून नुसतं धापा टाकत होतं. मागच्या डाव्या पायाला तार रुतून हाड मोडलं होतं आणि खालचा भाग कातड्याला लोंबत होता.

“फाशात गावली,” ती म्हणाली. “माज्या घरवाल्यानीच लावलेला फासा.”

“मग इथं का आणलीस?”

“गाभण हाय, बाई. गाभण आमी मारत नाय. सोडून दिली तर कोला खाईल. तुमच्या शेजारी त्यो गुरांचा डाक्टर हाय ना.”

एका शेतकऱ्याची पेंढ्याची गाडी पनवेलला निघाली होती. तिच्यात आम्ही दोघी बसलो. वाटभर त्या बाईने भेकराचे डोळे आपल्या पदराने झाकून ठेवले होते. उन्हं चांगलीच कलली तेव्हा गाडी आळीत पोचली. डॉक्टर प्रार्थनेहून परत येऊन ओटीवर बसले होते. त्यांनी वाकून पाहिलं, तुटक्या पायाचा खूर चिमटीत धरला आणि म्हणाले, “गार पडलाय. हा पाय ठेवता येणार नाही. आणि खरं सांगायचं तर रानातलं जनावर माणसाच्या हाताखाली भीतीनंच मरतं.”

एवढं बोलून ते आत गेले आणि दवाखान्याच्या किल्ल्या घेऊन आले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “आजवर शनिवारी कधी हत्यार धरलं नव्हतं तुम्ही.”

“तिला वार कळत नाही,” डॉक्टर म्हणाले.

क्लोरोफॉर्मचा बोळा मी धरला. पुढचे पाय त्या बाईने धरले. तिचे हात जराही हलत नव्हते. पाय अर्ध्यावरून काढला, कातडी ओढून टाके घातले. मग डॉक्टरांनी आपल्या घरामागची लाकडं ठेवायची खोली रिकामी केली, खिडकीला गोणपाट लावलं आणि कोणी आत जायचं नाही असं बजावलं. ते स्वतः दिवसातून एकदाच जात, उंबराची पानं आणि पाणी ठेवायला. तीन दिवस तिने पानाला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत असताना डॉक्टर कुंपणापाशी आले. “खाल्लं,” एवढंच म्हणाले. मी त्यांना हसताना त्या दिवशी प्रथम पाहिलं.

नवव्या दिवशी तिला गोणपाटात गुंडाळून परत नेलं. जखम पुरती भरली नव्हती, पण आणखी ठेवली तर कुढून मरेल असं डॉक्टरांचं मत होतं. वाडीच्या वरच्या अंगाला गोणपाट सोडलं. ती उठली, पडली, पुन्हा उठली आणि करवंदीच्या जाळीत शिरली. कातकरी बाई बराच वेळ जाळीकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, “महिनाभर जगली तर जगेल.”

ती जगली. फाल्गुनात एका सकाळी मी शाळेचं मागचं दार उघडलं तर ती रानाच्या कडेला उभी, आणि पोटाशी ठिपक्यांचं एवढंसं पिल्लू. मी दाराची कडी हातात धरून तशीच उभी राहिले. संध्याकाळी एसटीतून उतरले ती थेट डॉक्टरांच्या ओटीवर गेले. वहिनींनी त्या आठवड्यात मलिदा केला, नवस फेडताना त्यांच्यात करतात तो. पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. ताट आमच्या घरी आलं तेव्हा त्या म्हणाल्या, “नवस कुणी केला होता ते विचारू नका.”

त्यानंतर रोज संध्याकाळी डॉक्टरांचा एकच प्रश्न असे. “बाई, दिसली का आज?” बहुतेक दिवस उत्तर नाही असंच असे, पण महिन्यातून दोनतीनदा दिसायची. दिसली की मला सगळं तपशीलवार सांगावं लागे. सावकाश चालताना दर पावलाला तिचं मागलं अंग खाली जाई. पळताना मात्र पाय नाही हे ओळखूही येत नसे. डाव्या कानावर गोचिडांचा घोस लटकलेला असे, कारण तो कान खाजवायला लागणारा पायच नव्हता. हे मी डॉक्टरांना सांगितलं. पाय काढताना हा विचार मनात आला नव्हता, असं ते म्हणाले. जसं काही तो आला असता तर पाय ठेवता आला असता.

ती कातकरी बाईही मला खबर द्यायची. मुलीला सोडायला आली की सांगायची, वरच्या झऱ्यावर होती, खुरांच्या खुणा तीनच होत्या. तिच्या नवऱ्याने त्या बाजूला फासे लावणं सोडलं होतं. मुलगी हुशार होती. तिसरीत गेली तेव्हा माझ्या वर्गात तिच्याइतकं स्वच्छ वाचणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस डॉक्टरांनी जायचं ठरवलं. वहिनींची प्रकृती ढासळत चालली होती आणि मुलांशिवाय त्यांना करमत नव्हतं. आळीतली आणखी दोन घरं त्याच वर्षी बंद झाली. निघायच्या दिवशी डॉक्टरांनी दवाखान्यातलं एकही औजार बरोबर घेतलं नाही. मला म्हणाले, “बाई, दोन महिन्यांनी एक पत्र टाकत जा. दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल.”

मी लिहीत राहिले. त्यांचीही निळी पत्रं येत, सुवाच्य मराठीत. तिकडे त्यांचं शिक्षण कामाला आलं नाही. भाषा येत नव्हती आणि त्या वयात जिभेवर बसतही नव्हती. संत्र्यांच्या पेट्या भरण्याचं काम करतो, असं त्यांनी एकदाच लिहिलं. बाकी पत्रभर भेकराबद्दल प्रश्न.

चौथ्या वर्षी कोळशाच्या ठेकेदाराने वाडीवरचा उतार तोडायला घेतला. उन्हाळ्यात तो सगळा उतार बोडका झाला. कुऱ्हाडी चालवायला वाडीचीच माणसं होती, ती बाईही होती. पावसाळा लागला तसं भेकर चरायला खाली भातखाचरांपर्यंत येऊ लागलं. मी ते पाहिलं होतं. पण मी काय करणार होते?

आषाढातल्या एका सकाळी ती बाई शाळेच्या पडवीत येऊन बसली. मुलगी बरोबर नव्हती.

“गेली ती,” ती म्हणाली. “गावातल्या कुत्र्यांनी धरली. कोरड्या जमिनीवर नसती गावली. खाचरात मागचा पाय रुतला. येकच पाय मागं, त्यो काढायला जोर कुठून आनायचा? मी वरडत गेले, दगड मारलं. पोचेपर्यंत पोट फाडलेला.”

मी भिंतीला टेकून उभी होते. मी विचारलं, “मग? पुरलीत?”

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. “खाल्ली आमी, बाई. टाकून देयाची काय? चार दिस घरात काय नव्हता.”

मी तिच्याकडे पाठ फिरवली. वर्गात गेले आणि पाढे म्हणायला लावले. खिडकीतून दिसत होतं, ती पावसात उतरून चालली होती. त्या क्षणी मला तिची किळस आली होती. हे आज लिहायलाही नको वाटतं, पण आली होती हे खरं.

दुसऱ्या दिवसापासून तिची मुलगी शाळेत आली नाही. एरवी एखादं मूल चार दिवस आलं नाही की मी वाडीवर जाऊन घेऊन येत असे. या वेळी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिले आणि मग जायची वेळच निघून गेली.

डॉक्टरांना मी खरं कळवलं नाही. दिसली, बरी आहे, असं लिहिलं. अशी आठदहा पत्रं गेली. मग त्यांचं पत्र आलं, की थोडी जमवाजमव झाली तर एकदा येऊन जावं असं मनात आहे, तिला एकदा पाहीन म्हणतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी बसून सगळं लिहिलं. तोडलेला उतार, खाचर, कुत्री, वाडीवर खाल्लं तेही, आणि मी खोटं लिहीत होते तेही.

उत्तर पाच महिन्यांनी आलं, वहिनींच्या अक्षरात. लिहिलं होतं, “तुमचं पत्र वाचून ते दोन दिवस कामावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, त्या बाईच्या पोरांच्या पोटात गेली ते बरं झालं. तिनंच तर वाचवली होती. त्यानंतर ते पनवेलचं नाव काढत नाहीत. पत्र लिहिणंही सोडलंय. तुम्ही राग मानू नका.” पनवेलला येण्याबद्दल त्यात काही नव्हतं. ते आलेही नाहीत. पुढे दोन वर्षांनी आळीतल्या त्यांच्या नातेवाइकांकडून कळलं की ते तिकडेच वारले.

वहिनींचं ते पत्र आलं, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी ते घेऊन वाडीवर गेले होते. झोपड्यांच्या दारांना काट्यांचे झाप लावलेले. एक म्हातारी उन्हात बसली होती. तिने सांगितलं की सगळी कोन गावाच्या बाजूला वीटभट्टीवर गेली आहेत. मी तिथे गेले. ती डोक्यावर विटा वाहत होती. मला पाहून तिने विटा उतरवल्या, पण जवळ आली नाही. मीच गेले आणि डॉक्टरांनी काय म्हटलं ते सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. हाताची धूळ लुगड्याला पुसली.

“डाक्टर असा बोलला?”

“हो.”

“मंग तुमी का नाय बोललात माज्याशी दोन वरसा?”

मी नजर वळवली. पलीकडे तिची मुलगी चिखल साच्यात थापत होती. हात कोपरापर्यंत लाल. तिने मान वर करून मला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

“तिला परत पाठव,” मी म्हणाले. “मी स्वतः शिकवीन. चौथीची परीक्षा देईल.”

“आता कशाला, बाई,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “या वरसाला लगीन हाय तिचा.”

मुकादमाने हाक मारली तशी ती वळली आणि विटा डोक्यावर घेऊन चालू लागली. मी एसटीच्या थांब्यावर येऊन उभी राहिले. गाडी यायला तास होता.