लेक काकीच्या ओसरीवर

धाकट्या दिराचं लग्न झालं आणि प्रेमिला जाऊ म्हणून घरात आली, तेव्हा शामकलाला तिचं कौतुकच वाटलं होतं. बारावी शिकलेली, बोलायला गोड. पण वर्षं गेली, चुली वेगळ्या झाल्या, प्रेमिलाची कूस उजवली नाही, आणि दिवस कलला की ती शेजारपाजारची लेकरं जमवून आपल्या ओसरीवर गोष्टी वाचू लागली. सगळ्यांच्या पुढे बसायची शामकलाची लेक, भूमिका. तेव्हापासून शामकलाच्या पोटात दुखू लागलं.

"काकी गोष्टीत वाघासारखी गुरगुरते, माय." तोंडात भाताचा घास असतानाही पोरीला काकीच. शामकला तिच्या ताटात वरण जरा जोरातच ओतायची.

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात भूमिकानं बांगड्या नको म्हटलं आणि चित्रांच्या पुस्तकावर बोट ठेवलं. "काकीले दाखवीन."

"काकीले कायले? मीच वाचून दाखवीन."

चौथीनंतर शामकलाच्या हाती पुस्तक आलं नव्हतं. जोडाक्षर आलं की जीभ अडायची. भूमिका थोडा वेळ बसली, मग म्हणाली, "माय, तू गोष्ट सांगून राहिली का पाढे म्हणून राहिली?"

शामकलानं पुस्तक मिटून धानाच्या कोठीवर टाकलं. शिवाय भूमिकाचं काकीकडे जाणंही बंद केलं. पोर रडली नाही, नुसती गप्प झाली. शाळेचं पुस्तकसुद्धा उघडेना. ते मात्र शामकलाला सोसवेना.

एका दुपारी पुस्तक घेऊन ती तडक प्रेमिलाच्या दारात गेली. प्रेमिला तांदूळ निवडत होती.

"पोरगी तर तू नेलीच माही. आता मले वाचायले शिकव."

प्रेमिलानं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग खालमानेनंच म्हणाली, "बाई, गोष्ट संपली का पोरगी तुमच्याकडेच पळते. मी का कमी जळतो तुमच्यावर?"

 शामकलानं सूप आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचू लागली. प्रेमिलानं पुस्तक उघडलं.

पुढे शामकलाही लेकरांच्या मागे ओसरीवर बसू लागली. कधी एखादं पान वाचायची. भूमिका चुका काढायची, लेकरं हसायची, तीही हसायची.

भूमिका आता गोंदियाला कॉलेजात आहे. सुट्टीत येताना दोघींसाठी पुस्तकं आणते. पिशवी उघडली की पहिलं पुस्तक ती कोणाच्या हातात देते, हे शामकला अजूनही बघते.