शेवाळाच्या विषाणूचं मूळ

वडिलांनी जन्मभर परमुलखात, उधन्यातल्या कापड कारखान्यात लूम चालवले. निवृत्त झाल्यावर त्यांनी धुळ्याकडच्या आमच्या गावी जाऊन राहायचा हट्ट धरला. आई गेलेली, गावात एक खोली आणि रुसलेली भावकी. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तिथल्याच पर्वत पाटिया भागातल्या आमच्या घरात मलाच एकटीला राहायचं नव्हतं.

तेव्हा मी समुद्रातल्या शेवाळाला लागण करणाऱ्या महाकाय विषाणूंवर प्रबंध लिहीत होते. साध्या विषाणूपेक्षा कितीतरी मोठे, जनुकं शेकड्यांनी. हे आले कुठून, एवढाच माझा प्रश्न. आम्हा संशोधकांची एक खोड मला नडली: सोयीचं एक जनुक धरायचं आणि त्यावरून अख्खी वंशावळ मांडून मोकळं व्हायचं. माझ्या वंशावळीत विषाणू थेट शेवाळाच्या कुळात जाऊन बसला. मी जाम खूश. घरी आल्या आल्या वडिलांना गावच्या बोलीत ऐकवलं, "बाबा, जठे ऱ्हायना, तठलाच व्हयी गया तो."

जिथे राहिले तिथलेच झाले, आता गाव कशाला, हा रोख त्यांना कळला. काही दिवस गावाचा विषय निघाला नाही.

मग गाइडबाईंनी बाकीची जनुकं तपासायला लावली. मी धरलेलं जनुक विषाणूने शेवाळाकडूनच उचललेलं निघालं. तशी उचललेली पुष्कळ होती. कवच बांधायची, स्वतःच्या नकला काढायची अशी मोजकी जुनी जनुकं मात्र त्याला शेवाळापासून लांब, दुसऱ्या महाकाय विषाणूंच्या घरात नेत होती. म्हणजे पूर्वज बहुधा लहानसाच; जिथे राहिला तिथलं घेत घेत फुगला. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, त्याचा रागही आला.

वडिलांना हे सांगायची मला घाई नव्हती. जेवताना त्यांनीच विचारलं, "तुन्हा जंतूनं काय व्हयनं?"

मी जुन्या आणि उचललेल्या जनुकांचं सांगितलं. थापा मला जमत नाहीत.

"जुना कितला शेतस?"

"थोडाच. बाकीना आठून-तठून गोळा करेल."

"मंग ज्या थोडा जुना शेतस, तेच त्यानं मूळ ना?"

दुपारीच मी प्रबंधात जड शब्दांत हेच लिहून आले होते. "हां," म्हणाले.

त्यांनी हात धुतले आणि माळ्यावरची बॅग काढायला गेले. हात पुरत नव्हता, म्हणून स्टूल मीच आणून दिलं.