पाणी पिणारी रायफल

परमेश्वरानं झाडं जरा घाईघाईत केली, प्लास्टिक मात्र माणसानं पूर्ण विचार करून केलं, असं मनापासून मानणारा माणूस या भूतलावर एकच आहे आणि तो माझा साडू आहे. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हमरिया फ्री झोनमधल्या प्लास्टिकच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. पाण्याच्या टाक्या, भाजीचे क्रेट, मासळीच्या पेट्या, बागेतल्या खुर्च्या असा त्यांचा संसार. राहायला ते अजमानला आणि मी अबुधाबीला. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत एकशे शहात्तर किलोमीटर होतात. साडूभाऊ ते "दीडशे" म्हणून सांगायचे, आणि आमची निम्मी भांडणं या उरलेल्या सव्वीस किलोमीटरांवरून व्हायची. वजनकाटे तपासून त्यांना दाखला देणं हे माझं काम. त्यामुळे त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी त्यांचा "तराजू".

साडूभाऊ जग डोळ्यांनी पाहत नसत, टकटक करून ऐकत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाकवायचं, वस्तूवर तीनदा वाजवायचं, मान थोडी तिरकी करायची आणि निकाल द्यायचा. हॉटेलात गेलो की आधी टेबल, मग ताटली, मग भिंत. लग्नाला गेलो की मांडवाचा खांब. एकदा दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांच्या हातातला गुडघा तपासायचा हातोडा मागून घेतला आणि तो डॉक्टरांच्याच टेबलावर वाजवून पाहिला. लेकीचं स्थळ पाहायला आम्ही दुबईला गेलो तेव्हा मुलाचे वडील जेवणाच्या टेबलावर हात फिरवत म्हणाले, "घरचा साग आहे, कोकणातून मुद्दाम आणवला." साडूभाऊंनी टकटक केली. "भुसा आहे," ते म्हणाले, "वर सागाचा फोटो चिकटवलाय." लेक दातओठ खात पुटपुटली, "बाबा, प्लीज! डोन्ट नॉक ऑन पीपल्स थिंग्ज!" लग्न तरीही झालं, कारण त्या टेबलाबद्दल मुलालाही पहिल्यापासून शंका होती. लाकडाचं सोंग आणणाऱ्या प्लास्टिकचा मात्र त्यांना मनस्वी राग. "प्लास्टिकनं प्लास्टिकसारखंच राहावं," ते म्हणत. "खोटं वागायला माणसं आहेत की!"

अशा माणसाच्या नशिबी बंदूक कशी आली ते सांगतो. ज्या कारखान्यात ते होते त्याचे मालक, इथल्या बोलीत अरबाब, हे सत्तरीचे सज्जन गृहस्थ. त्यांना जुन्या शिकारी रायफलींचा षौक. अजमानपासून पाऊण तासावर त्यांचं शेतघर आहे. तिथल्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, काचेच्या कपाटात परवान्याच्या अकरा रायफली आहेत. दहांचे दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे, तुपासारखे गुळगुळीत. अकरावीचा दस्ता, म्हणजे मुठीत धरायचा आणि खांद्याला टेकवायचा भाग, तपकिरी नायलॉनचा. ती अरबाबच्या वडिलांची. वडिलांनी ती बोटीत टाकली, उंटावर बांधली, पिकअपच्या मागच्या बाजूला आदळली, खाऱ्या हवेत ठेवली, आणि ती कुरकुरली नाही. पुढे ती एसीच्या खोलीतल्या कपाटात सुखानं राहू लागली आणि मुठीपाशी वीतभर तडकली.

त्या एका दस्त्यावरून मजलिसमध्ये दोन तट होते. अरबाबचे एक जुने मित्र, पोलिसातून निवृत्त झालेले अधिकारी, हे लाकूडवाले. ते साडूभाऊंना पाहिलं की मुद्दाम म्हणत, "ये रायफल नहीं हबीबी, बाल्टी है. बाल्टी को नली लगाया." अरबाबचा पुतण्या प्लास्टिकवाला. तो म्हणायचा, "अंकल, अभी ऐसा माल कोई बनाता नहीं. दूसरा पीस ढूँढके दिखाओ." लाकूडवाल्यांचं म्हणणं, प्लास्टिकला म्हातारपण शोभत नाही. लाकूड जुनं झालं की खानदानी दिसतं, प्लास्टिक जुनं झालं की नुसतं जुनं दिसतं. प्लास्टिकवाल्यांचं म्हणणं, समुद्राच्या दमट हवेत लाकूड फुगतं, नळीला रेटतं, आणि मग खानदानी नेम चार बोटं डावीकडे जातो. दोन्ही बाजूंचं मला पटायचं, पण किती बोटं हे कुणीच मोजलेलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसायचो.

दोन वर्षांपूर्वी, साडूभाऊंच्या निवृत्तीला सात आठवडे उरले असताना, निवृत्त अधिकाऱ्यांनी अक्रोडाचा नवा दस्ता बसवून देणारा कारागीर शोधून आणला. अरबाब दुःखी चेहऱ्यानं साडूभाऊंना म्हणाले, "देखो, इधर मेरा बाबा का हाथ है." मुठीपाशी नायलॉन झिजून खोलगट झालं होतं, तिथे त्यांनी स्वतःचा अंगठा ठेवून दाखवला. "लकड़ी लगाएगा तो ये हाथ किधर जाएगा?" साडूभाऊंनी टकटक केली. तीनदा. मग आणखी तीनदा. "इसको प्यास लगा है, अरबाब," ते म्हणाले.

मला ही चेष्टाच वाटली. पण नायलॉन हवेतलं पाणी पितं, आणि पाणी असेल तोवरच ते चिवट राहतं. एसीत वर्षानुवर्षं सुकलं की ठिसूळ होतं, हे त्यांनी मला तिथेच कागदावर आकृती काढून पटवलं. "तुम जाने से पहले होगा?" अरबाबनी विचारलं. "इन्शाल्ला," साडूभाऊ म्हणाले. अधिकारी हसले. "सात हफ्ता. नहीं हुआ तो लकड़ी. खलास."

दस्ता न्यायला गाडी माझी होती, म्हणून अट माझी. नळी आणि बाकीचं लोखंड कपाटातच राहील, आणि नुसत्या दस्त्यासोबत अरबाबच्या शिक्क्याचं पत्र असेल. अरबाब पोट धरून हसले, पण पत्र दिलं. मी त्याच्या तीन प्रती काढल्या. अजमानपर्यंत मी ताशी ऐंशीच्या वर गेलो नाही. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते. "यल्ला, तराजू, यल्ला!" साडूभाऊ मांडीवर दस्ता घेऊन ओरडत होते. "अहो, नायलॉन आहे, गर्भारीण नाही!"

तडा त्यांनी कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याच जातीच्या नायलॉनचा चुरा आम्लात विरघळवून सांधला. मग दस्ता घरी आणून, स्वतःच घडवलेल्या मासळीच्या लांब पेटीत, बाथरूममध्ये पाण्यात निजवला. जुलै महिना होता. या दिवसांत अजमानच्या नळाला थंड पाणी येतच नाही. गच्चीवरची टाकी तापलेली असते; मी मोजलं तेव्हा पाणी एकोणपन्नास अंश होतं. साडूभाऊंना हेच हवं होतं. ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, नको होतं. त्या मला फोन करून म्हणाल्या, "अहो, दोन बाथरूम. एकात रायफल झोपलीय, दुसऱ्यात हे पेपर घेऊन बसतात. मी अंघोळीला हमरियात जाऊ का?"

दर रविवारी मी काटा घेऊन जायचो. दस्ता पुसायचा, तोलायचा, आकडा लिहायचा. आठशे अडुसष्ट ग्रॅमनं सुरुवात झाली. पुढच्या रविवारी आठशे पंचाहत्तर. मग आठशे एक्याऐंशी. साडूभाऊ बाळसं धरणाऱ्या नातवाकडे पाहावं तसे काट्याकडे पाहायचे. आणि चौथ्या रविवारी काटा म्हणाला, आठशे साठ. मी पुन्हा तोललं. साठच. काटा मी स्वतः तपासलेला, तेव्हा शंका घेणार कुणावर? साडूभाऊ पेटीच्या काठावर बसले. "म्हणजे आतून विरघळतोय," ते म्हणाले. "सांधा गेला. माझंच आम्ल जास्त झालं."

त्या आठवड्यात त्यांनी एकाही वस्तूवर टकटक केली नाही. ताईंनी नवीन डबा मुद्दाम समोर ठेवला, तरी नाही. एकतीस वर्षं ज्याच्या बाजूनं बोलले तो मालच आपल्या हातून मेला, आणि बापाचा हात सांभाळायला देणाऱ्याला आता काय सांगायचं, यानं त्यांचं जेवण तुटलं. शनिवारी त्यांनी मला विचारलं, "अरबाबना लाकूड लावायला तुम्ही सांगाल का हो? माझ्यानं होणार नाही." मी हो म्हणालो. रविवारी सकाळी तेच सांगायचा सराव करत मी त्यांच्या दारात उभा होतो, तर ताईंनी साबणाच्या ताटलीतून एक काळी पट्टी उचलून समोर धरली. "ही कुणाची? महिनाभर कचरा साठवताय नुसता."

ती दस्त्याच्या टोकाची पट्टी होती. चौथ्या वजनाच्या आधी साडूभाऊंनी आतून धुवायला काढलेली, आणि मी पट्टीशिवाय तोललं होतं. पट्टी आणि दोन स्क्रू मिळून सव्वीस ग्रॅम. आठशे साठ अधिक सव्वीस, आठशे शहाऐंशी. दस्ता पीत होता. चूक माझी होती, आणि ती मी दोघांदेखत कबूल केली. साडूभाऊ उठले, माझ्यापाशी आले, आणि माझ्या कपाळावर पेरानं तीनदा वाजवलं. मान तिरकी केली. "लाकूड," ते म्हणाले. "अक्रोड नाही हो, साधं जळाऊ." मग आठवड्याची उपासमार एका बैठकीत भरून काढली.

सहाव्या आठवड्यात, आठशे एक्याण्णव ग्रॅमचा दस्ता घेऊन आम्ही मजलिसमध्ये गेलो. अधिकाऱ्यांनी तो उलटासुलटा पाहिला. "दिखने में ठीक है. पहला धक्का में टूटेगा." साडूभाऊंनी दस्ता परत घेतला, खांद्याच्या उंचीवर धरला, आणि मला काही कळायच्या आत खालच्या संगमरवरावर सोडून दिला. मी डोळे मिटले. गादी अंथरू या, असं मी गाडीत दोनदा सुचवलं होतं. टण्ण असा आवाज झाला. मग एक छोटा टण्ण. डोळे उघडले तर अरबाब, सत्तरीचा माणूस, गुडघ्यांवर बसून तो उचलत होते. त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं. मग अंगठा त्या खोलगट जागी ठेवला आणि बराच वेळ तिथून काढला नाही. अखेर अधिकाऱ्यांनीच घसा खाकरला. "अभी भी बाल्टी है," ते म्हणाले. "लेकिन मजबूत बाल्टी है."

आता ती रायफल कपाटात दहा लाकडी बहिणींच्या मधोमध आहे. साडूभाऊ मिरजेला परतले. जाताना मला ती मासळीची पेटी देऊन गेले आणि एक काम लावून गेले: कपाटात ओला कपडा ठेवायला अरबाबना आठवण करायची, आणि दर जुलैत दस्ता तोलून आकडा कळवायचा. पट्टीसकट, हे त्यांनी दोनदा बजावलं.

या जुलैत मी गेलो. आठशे नव्वद. तिथूनच फोन लावला आणि आकडा सांगितला. साडूभाऊ म्हणाले, "आकडा राहू द्या, तराजू. वाजवून दाखवा." मी फोन दस्त्याजवळ धरला आणि पेर वाकवून तीनदा टकटक केली. मला ती नीट येत नाही. पलीकडे त्यांनी मान तिरकी केली असणार. मग हळूच म्हणाले, "छान आहे. बरा आहे तो." आवाज बारीक येत होता. नंतर फोन ताईंनी घेतला आणि बाल्कनीत जाऊन म्हणाल्या, "यांचं वजन बरंच उतरलंय हो. डॉक्टर तपासण्या करताहेत."

किती उतरलंय, हे मी विचारलं नाही. "पाणी भरपूर पाजा त्यांना," एवढंच म्हणालो.