रोज एक तास

दादाचा फोन सकाळी सहाला आला. "तुझी वहिनी गेली," एवढंच म्हणाला, आणि मग, "येताना तिच्या पुस्तकाच्या वीस प्रती घेऊन ये. लोक यायलेत." परभणीहून पोखर्णीला जाताना मला त्याचा खरं तर रागच आला होता. बायको जाऊन घटकाभर झाली नाही आणि याला पुस्तकं सुचतात! पण मी पिशवी ओसरीवर टेकवली तसा दादा उठला आणि आलेल्या एकेकाच्या हातात पुस्तक देऊन वहिनींच्या नावावर बोट ठेवू लागला... प्रयागबाई. डोळे वाहत होते आणि मान ताठ होती. हा माणूस रडतोही आहे आणि मिरवतोही आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आज त्याला दीड महिना झाला.

दादा माझा चुलतभाऊ. वहिनी सातवी शिकलेल्या, जन्म सगळा वावरात गेलेला. मी मात्र शाळेत मराठीचा मास्तर, आणि पंधरा वर्षांपासून एक कादंबरी नुसती तोंडाने लिहीत होतो. एका दिवाळीत वहिनी तूर निवडता निवडता आपल्या मायची गोष्ट सांगत होत्या. माय दरसाल टोळीबरोबर ऊसतोडीला जायची, वहिनींचा जन्मही उसाच्या फडातल्या कोपीतला, म्हणजे पाचटाच्या झोपडीतला. मायचा एक फोटो नाही, कुठल्या कागदावर नाव नाही. टोळीतसुद्धा तिला नवऱ्याच्या नावानेच ओळखायचे. "केवळाबाई म्हणून एक बाई व्हती, हे माझ्यामागं कोणाला ठाव राहनार न्हाई भाऊजी," असं त्या म्हणाल्या. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी उपदेश करतो. म्हटलं, लिहा की मग! मीही उद्यापासून बसणार आहे. जास्त नको, रोज एक तास.

माझा तास नऊ दिवस टिकला. नवं टेबल घेतलं, शाईचा पेन घेतला, भिंतीवर वेळापत्रक डकवलं, पुढच्या दिवाळीला कादंबरी हातात अशी घोषणाही स्टाफरूममध्ये करून टाकली. दहाव्या दिवशी पाहुणे आले. म्हटलं, उद्या दोन तास बसू. मग चाचणीचे पेपर आले, ते दोन तास चारावर गेले, चार आठावर, आणि मग त्या टेबलाकडे बघायचीच मला लाज वाटू लागली. बायकोने त्यावर इस्त्री करायला घेतली तेव्हा मी सुटलो.

दोन वर्षांनी पोखर्णीला गेलो असताना सहज विचारलं, लिहिण्याचं काय झालं वहिनी? दोघं मिळून हसू असा माझा होरा होता. त्या आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. तीसेक पानं गच्च भरलेली, पण प्रत्येक ओळीची शाई वेगळी. कुठे निळी, कुठे काळी, कुठे नातीची हिरवी. मी चक्रावलो. रोज तासभर बसून एकच ओळ?

"तासभर कोन बसतंय? मला भाकरी न्हाईत का थापायच्या?" वहिनी म्हणाल्या. "तुमीच म्हणलात की, रोज एक तास."

मी मराठीचा मास्तर, आणि उजेड पडायला मला एवढा वेळ लागावा! आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. निंदायला गेलेली बाई एक तास धरते, धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत नेते, मग दुसरा धरते. वहिनींनी माझा उपदेश आपल्या वावरातल्या भाषेत ऐकला होता. एक तास, म्हणजे एक ओळ. त्यांच्याच्याने ती होत होती, म्हणून त्यांनी ती केली.

एखादा दिवस चुकला तर काय करता, हे मी त्यांना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, राहिलं ते राहिलं. कालचं निंदण आज दुप्पट करायला गेलं की कंबर जाते आणि उद्याचंही राहतं. माझी अख्खी कादंबरी कशात बुडाली ते त्यांनी भाकरी थापता थापता सांगून टाकलं. दादा चिडवायचा, आमच्या घरात लेखिकाबाई हाय, हळू बोला. त्या वहीवरून मान न उचलता म्हणायच्या, तुमचं बी लिवीन, दम धरा.

आठ वर्षं ओळ चालली आणि मग किडनीने घात केला. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला परभणीला यायच्या, हात थरथरायचा. मला भीती वाटू लागली की केवळाबाई अर्ध्यातच राहणार. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी महिन्याभरात लिहून काढतो. त्यांनी साफ नाही म्हटलं. "तुमी लिवलं तर ते तुमच्यावानी शुद्ध व्हईल. माय माझी हाय." मग त्यांनी स्वतःच हिशोब बदलला. डायलिसिसच्या दिवशी अर्धी ओळ, बाकी दिवशी पूर्ण. तीन वर्षं अशी काढली बाईने! आणि एका साध्या मंगळवारी फोन आला, "भाऊजी, धुरा आला."

पुस्तक परभणीत छापलं, प्रकाशन गावच्या शाळेच्या व्हरांड्यात केलं. वहिनी खुर्चीत बसूनच वाचायला लागल्या, आणि पहिलंच वाक्य होतं, "केवळाबाई ही माझी माय." मायच्या टोळीतली एक म्हातारी खाली बसली होती, ती मोठ्याने म्हणाली, अगं, केवळा व्हय तिचं नाव! वहिनींचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही आणवली, स्वतःच्या गोष्टीसाठी.

ती वही जपून ठेवावी म्हणून गेल्या रविवारी मी मागायला गेलो. दादा देईना. फारच मागे लागलो तेव्हा त्याने ती उघडून माझ्यासमोर धरली. वहिनींची शेवटची ओळ होती, "दुसऱ्या दिवशी मला हळद लागणार होती." त्याखाली मोठ्या, कागदात रुतलेल्या अक्षरात दादाचा हात, "लग्नात ती लय बारीक होती, पण नाव घेताना सगळ्यांत मोठ्यानं हसली." त्याच्याखाली आणखी एक ओळ. आणखी एक... पान भरून पुढच्या पानावर गेलेल्या. वाचता वाचता मी वही हातात घेतली.

"लग्नापस्तोरचं तिनं लिवलं," दादा म्हणाला. "तिथून पुढचं मला ठाव हाय."

आणि माझ्या हातातून वही घेऊन म्हणाला, "सरक जरा उजेडातून. आजचा तास राहिलाय."