सनाला पुण्यात घर मिळालं

मित्रांनो, दुपारपासून मन भरून आलंय, म्हणून लिहितोय.

माझी मुलगी सना इथे जळगावात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेवटचे सहा महिने पुण्यातल्या कंपनीत काम शिकायचं, मगच पदवी. फी कशीबशी भरली, पण पुण्यातली खोली आणि मेस माझ्या शिलाईकामात बसेना. कंपनी देणार ते भाड्यातच जाणार. सकाळी मी म्हणालो, "बेटा, नको जाऊ." ती मान खाली घालून बटणं लावत बसली.

दुपारी शेजारच्या अक्का ब्लाउज न्यायला आल्या. सनाचा चेहरा बघून त्यांनी कारण विचारलं आणि लगेच पुण्याला आपल्या मुलीला, वैशालीला, फोन लावला. फोन ठेवून मला म्हणाल्या,

"भाऊ, जावई सारखे बाहेरगावी असतात. वैशाली बाळाला घेऊन एकटीच असते. सना गेली तर तिलाच सोबत होईल. भाड्याचं नाव काढू नका." मग सनाकडे वळून म्हणाल्या, "पण जेवण शाकाहारी हं, चालेल ना?"

"अक्का, भरीत असेल तर बठ्ठं, सगळं चालेल!"

किती दिवसांनी हसली पोरगी!

अक्का, तुमचे उपकार विसरणार नाही. पण ज्यांच्या शेजारी अशी अक्का नाही, त्या मुली काय करत असतील? पुण्यात तुमच्याकडे एखादी खोली रिकामी असेल, तर अशा एखाद्या मुलीसाठी गावाकडे एक फोन कराल का?