तांब्याच्या खाणीचं बाळंतपण

"झोप लागती का रे?"

सिस्टर ऑफिसात आल्या की बाजार वर आहे का खाली, हे विचारायच्या आधी हे विचारायच्या. विचारेपर्यंत माझं मनगट त्यांच्या हातात गेलेलं असायचं आणि नजर स्वतःच्या घड्याळावर. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, नर्सेस बांधतात तशी. नाडी मोजून झाली की मंडईत न पटलेलं वांगं परत टोपलीत टाकावं तसा माझा हात टाकून द्यायच्या आणि दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. सोफा रिकामा असला तरी खुर्चीच. सोफ्यावर बसलेला माणूस लवकर उठत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतः मात्र त्या खुर्चीवरून बाजार बंद होईपर्यंत उठायच्या नाहीत.

सोलापुरात माझं शेअर ब्रोकिंगचं छोटं ऑफिस आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर मी. आता लोक आपापल्या मोबाइलवर शेअर घेतात आणि विकतात, त्यामुळे ऑफिसात यायचं कुणाला कारण नाही. तरी तीन-चार जुनी मंडळी रोज येत, एसीखाली बसत आणि माझा चहा पिऊन एकमेकांशी भांडत. बँकेत, वाचनालयात, केशकर्तनालयात अशी मंडळी तुम्हीही पाहिली असतील. ती असली की कामाचा खोळंबा होतो आणि आली नाहीत की करमत नाही.

सिस्टरांची सगळी नोकरी पूर्व भागातल्या एका प्रसूतिगृहात झाली. विणकरांच्या सुनांना त्या तेलुगूत दम देत, मुसलमान बायांना दखनीत, आणि वाद मिटवायचा असला की "साकु" म्हणत. साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. गाव कर्नाटकच्या सीमेवरचं मैंदर्गी, त्यामुळे हा शब्द त्यांच्या तोंडात लहानपणापासूनचा. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "दुसऱ्यांची बघूनच हौस फिटली की."

मला जन्मतःच त्यांनी पाहिलं होतं. ही गोष्ट त्या माझ्या प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगत. "हा रडंना. पाय धरून उलटा केला, दोन चापट्या दिल्या, तवा रडला. आता दलाली लावून मला रडवतोय." यावर ग्राहक हसत आणि मालक म्हणून माझा जो काही रुबाब असे तो संपत असे. सिस्टरांना दलाली कमी लावावी लागे हे सांगायला नकोच.

शेअर बाजारातलं त्यांना फार कळत होतं असं नाही. एका औषध कंपनीला त्यांनी "नाडी झकास हाय" असं सर्टिफिकेट दिलं आणि ती कंपनी वर्षाच्या आत आडवी झाली. पण बोलण्याची पद्धत अशी की समोरच्याला वाटावं, बाई आत जाऊन तपासून आली आहे.

तांब्याची खाण असलेल्या एका कंपनीवरून आमच्याकडे जो वाद पेटला तो दोन वर्षं विझला नाही. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही भाव बघत बसाल आणि सिस्टर बाजूला राहतील. या खाणीचं वरवरचं तांबं संपत आलं होतं आणि आता जमिनीत खोल उतरून खालचा दगड काढायचं काम सुरू होतं. त्यामुळे खर्च वाढला होता आणि तांबं मात्र पूर्वीइतकंच निघत होतं.

आमच्यात कंपन्यांचे निकाल वाचून दाखवायचं काम सरांचं. सर कॉमर्स शिकवून निवृत्त झालेले. चष्मा नाकावर ओढून ते सुरुवात करत, "टनामागे खर्च पुन्हा वाढलेला दिसतो. डिझेल, वीज, आणि पाणी उपसण्याचा वेगळा."

की आबा उसळत. आबा होटगीचे, रेल्वेत गँगमन होते, अजूनही बोलताना समोरून गाडी येत असल्यासारखे ओरडतात. "खर्च बघा की, खर्च! गाडीभर दगुड फोडायचा तवा मूठभर तांबं. त्येचा भाव तिकडं लंडनात ठरणार. मंजी खर्च आपल्या हातात न्हाय, भाव बी न्हाय. ह्यो धंदा हाय का?"

"साकु," सिस्टर म्हणायच्या. "खर्च वाढला म्हणून पेशंट आजारी आसं कुटं हाय? पोटुशी बाई बी दोघांचं खाती. खातीय, वजन वाढतंय, आन् काम हुईना. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतंय आळशी झाली. पोटात काय चाललंय ते कुणाला दिसतंय? दिवस भरू द्या."

सरांचे कान लाल व्हायचे. निकालाच्या कागदाकडे बघत ते पुटपुटायचे, "याला भांडवली खर्च म्हणतात."

"तुमी तसं म्हना. आमी दिवस गेले म्हनतो."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात त्या कंपनीला नावच पडलं, पोटुशी. भाव दोन रुपये पडला की कुणीतरी म्हणे, "आज डोहाळे लागलेत." वाढला की, "चांगलं जेवली." सिस्टरांनी सगळ्यांना वचन देऊन ठेवलं होतं की डिलिव्हरी झाली, म्हणजे खालचं तांबं वर आलं, की पेढे त्या वाटणार. मुलगी झाली तरी पेढेच. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हा भेद त्यांनी प्रसूतिगृहातही चालू दिला नव्हता. आणि कुणी मुलगा का मुलगी असं विचारलं तर खेकसायच्या, "आधी आई कशी हाय ते इचार."

सिस्टरांकडे त्या कंपनीचे थोडे शेअर होते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. त्या कंपनीला सगळ्यात जास्त शिव्या देणाऱ्या आबांकडेच तिचे सगळ्यात जास्त शेअर होते. निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा त्यांनी तिच्यात घातला होता. नात नर्सिंगला होती, पहिल्या वर्षाची फी कशीबशी भरली होती, पुढच्या वर्षांची या शेअरवर होती. नातीला नर्सिंगला घाला हे आबांच्या डोक्यात कुणी भरवलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. शेअर आबांच्या खरेदीच्या जरा खालीच रेंगाळत होता. विकावा तर तोटा, ठेवावा तर धास्ती. म्हणून ते रोज येत आणि कंपनीवर ओरडत. मी धंद्याच्या नियमाने गप्प होतो.

एकदा आबा गेल्यावर सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लई शेअर दिसत्यात ह्येंच्याकडं."

मी म्हटलं, मी काही सांगू शकत नाही.

"नको सांगू. बायकोच्या नावानं शिव्या घालणारा नवराच दवाखान्याच्या पायरीवर रातभर बसून ऱ्हातो. आमी काय थोडे बघितले?"

मग कंपनीची वार्षिक सभा आली. हल्ली या सभा कंप्युटरवर होतात. आधी नाव नोंदवलं की दहा शेअरवाल्यालाही अध्यक्षांना प्रश्न विचारता येतो. आमच्या मंडळींना हे कळलं आणि ऑफिसात निवडणुकीचं वातावरण झालं. विचारायचं काय ते ठरलेलं होतं: खालच्या खाणीचा खर्च आणखी किती वाढणार आणि तांबं कधी निघणार. त्या उत्तरावर आबा विकायचं की ठेवायचं ते ठरवणार होते, हे त्यांनी मला हळूच जिन्यात सांगितलं. विचारायचं कुणी, यावर मात्र ते सगळ्यांसमोर सिस्टरांना म्हणाले, "तुमची पोटुशी, तुमीच इचारा."

सरांनी प्रश्न हिंदीत लिहून दिला. सिस्टरांनी तो पाठ केला. सभेच्या दिवशी ठेवणीतली पांढरी साडी नेसून आल्या आणि माझ्या खुर्चीवर बसल्या. मागे आम्ही उभे. पडद्यावर अध्यक्ष दिसत होते, मालकांच्या घरातलेच, साठीचे गृहस्थ, कोट घातलेले. एकेक भागधारक येई, अध्यक्षांची स्तुती करी, लाभांश वाढवा म्हणे, जाई. मग आमचं नाव पुकारलं. कॅमेऱ्यात सिस्टर आणि त्यांच्या खांद्यावरून आबांची मिशी दिसू लागली.

"साहब, नमस्कार. मैं सोलापूर से बोलरी," सिस्टरांनी सुरुवात केली आणि थांबल्या. पुढे वाकून पडद्यात बघितलं. आबांनी मागून प्रश्नाचा कागद पुढे केला. तो त्यांनी हातानेच बाजूला सारला.

"साहब, आपके आँखों के नीचे सूजन दिखरी. नींद आती क्या बराबर?"

मला वाटलं, आता पृथ्वी दुभंगली तर बरं. सरांनी डोळे मिटले. तिकडे सभा चालवणारी मुलगी म्हणाली, "मॅम, प्लीज आस्क युअर क्वेश्चन." पण अध्यक्षांनी हाताने तिला थांबवलं. सबंध सभेत तो माणूस पहिल्यांदाच कागदावरून वर बघत होता. म्हणाला, "कम आती है, सिस्टर. कुछ महीनों से कम आती है."

त्याने सिस्टर म्हटलं ते कसं, हे मला अजून कळलेलं नाही. बहीण म्हणाला असेल, किंवा घड्याळ दिसलं असेल.

"रात को गरम दूध लेव. और बीपी देखो," सिस्टर म्हणाल्या. वेळ संपली. पुढच्या भागधारकाचं नाव पुकारलं गेलं.

आबा इतके चिडले की हातातला प्रश्नाचा कागद त्यांनी चुरगाळून टाकला. मग आवाज खाली आणून म्हणाले, आणि त्यांचा खालचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, "दोन मिंटं मिळाली व्हती, सिस्टर. खर्चाचं इचारायचं ठरलं व्हतं. माजं समदं त्येच्यावर व्हतं."

सिस्टर माझ्या खुर्चीवरून उठल्या. आबांचं मनगट धरलं, घड्याळ बघितलं.

"तुमाला झोप लागती का?"

आबा मनगट सोडवायला बघू लागले.

"मी तुमाला इचारतीय."

"न्हाय लागत," आबा म्हणाले. "लई दिस झाले."

"मग विका."

"आता? तुमीच म्हनत व्हता की पोटुशी हाय म्हनून."

"हाय की. मी कुटं न्हाय म्हनतीय? पर अडलीय. आतल्या माणसालाच झोप न्हाय, मंजी बाळंतपण लांबणार. मला थांबता येतंय. माझ्या मागं कोण हाय? तुमच्या नातीची फी थांबंल का? नॉर्मलसाठी थांबायचं का न्हाय ते पेशंट बघून ठरवायचं आसतं, आबा. तुमचं सिझर करू. थोडं रगत जाईल, पर जीव वाचंल."

दुसऱ्या दिवशी आबांनी थोडा तोटा सोसून सगळे शेअर विकले. पैसे जमा झाल्यावर फी भरली आणि पावती आम्हाला दाखवायला आणली. सिस्टरांनी ती नीट वाचून परत दिली आणि "फोटो काढून ठिवा, ह्या पावत्यांची शाई उडती" एवढंच म्हणाल्या.

पुढे खाणीच्या खालच्या बोगद्यात पाणी शिरल्याची बातमी आली. काम लांबलं आणि भाव निम्म्यावर आला. आबा त्या दिवशी येऊन सिस्टरांच्या पायाशी वाकले तर त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले. "मला काय कळतंय तांब्यातलं? त्यो माणूस जागा व्हता एवढं दिसलं. उद्या भाव वाढला आसता तर ह्याच पायावर दगुड घातला आसता की तुमी." हे खरंच होतं. स्वतःचे शेअर मात्र त्यांनी विकले नाहीत. निम्म्या भावात, त्याच खुर्चीवर बसून, त्याच ठसक्यात सांगत राहिल्या की दिवस भरायचे आहेत. सरांनी एकदा भीत भीत विचारलं, इतका धीर कसा धरता? म्हणाल्या, "बाळंतपणात घाई डॉक्टरला आसती. सिस्टरला न्हाय."

गेल्या उन्हाळ्यात एके दुपारी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी फोन करायचं ठरवत होतो तोवर त्यांच्या भाचीचाच आला. झोपेतच गेल्या होत्या. ज्या बाईने साऱ्या गावाची झोप विचारली, तिला गाढ झोप लागत होती हे ऐकून मला बरं वाटलं आणि मग ऑफिसचं शटर अर्धं ओढून मी रडलो. या वेळी कुणाला चापट्या द्याव्या लागल्या नाहीत.

भाची कागदपत्रांसाठी आली तेव्हा मी शेअर विकायचे का म्हणून विचारलं. ती म्हणाली, मावशीने सांगितलंय, पेढे वाटल्याशिवाय विकायचे नाहीत.

खालच्या खाणीतला पहिला दगड वर आल्याची बातमी परवा टीव्हीच्या पट्टीवर आली. भाव उठला. आबा जिना उतरून गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन परत आले. वास्तविक आता त्यांच्याकडे कंपनीचा एक शेअर नाही. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "नसू दे. बाळंतपण तर आपल्या हितंच झालं की."

त्यांनी सगळ्यांना पेढे दिले, खालच्या झेरॉक्सवाल्यालासुद्धा. दाराजवळच्या खुर्चीपाशी जरा घुटमळले आणि सोफ्यावर येऊन बसले. सरांनी मोबाइलवर कंपनीचं पत्रक उघडलं, चष्मा नाकावर ओढला आणि वाचायला लागले. पहिलं उत्पादन समाधानकारक आहे, टनामागे खर्च पुढच्या वर्षी कमी होईल अशी अपेक्षा आहे.

"ते ऱ्हाऊ द्या हो, सर," आबा म्हणाले. "सायबाला झोप लागती का आता, ते कुटं लिवलंय का बघा."

सरांनी एकदा आबांकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे. मग पत्रक वर सरकवलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा बघायला लागले.